न उमललेल्या कळ्या

वाचकहो, गुलाबाची किंवा मोगऱ्याची एखादी कळी न उमलताच गळाली, तर आपण तिचे फारसे दुःख करीत नाही. त्याच झाडावर आणखी दहा कळ्या असतात. आणि नसल्या तरी पंधरा-वीस दिवसांनी येणार असतात. ऑर्किडची गोष्ट निराळी आहे. हे झाड वर्षाचा बराचसा काळ चार-सहा जाड पाने घेऊन स्तब्ध बसून राहते. मग एके दिवशी पानाच्या बगलेतून एक हिरवा कोंब डोके वर काढतो, बोटाबोटाने वाढतो, त्याचा दांडा होतो आणि त्यावर वाटाण्याएवढ्या कळ्या धरतात. हे सारे होण्यास तीन-साडेतीन महिने लागतात. अशा वेळी, उद्या-परवा उमलेल असे वाटणारी कळी एका सकाळी पिवळी, मऊ होऊन कुंडीखाली पडलेली दिसली, म्हणजे घरातील मंडळी नकळत एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. कोणाचे काय चुकले?

हा प्रश्न मला दोन हिवाळे छळीत होता. त्याचे उत्तर शोधता शोधता झाडाहून कितीतरी मोठी अशी एक चूक माझ्या ध्यानी आली, आणि ती वेळीच सुधारता आली. म्हणूनच ही हकीकत आपल्यापुढे मांडावी असे वाटले.

आमचे बिऱ्हाड नवी दिल्लीत, कस्तुरबा गांधी मार्गावरील एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. हा मार्ग कॅनॉट प्लेसपासून निघून इंडिया गेटकडे जातो. पूर्वी याला कर्झन रोड म्हणत, आणि जुने टॅक्सीवाले अजूनही कधी कधी तेच नाव घेतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच कचेऱ्या, वाचनालये, परदेशी सांस्कृतिक केंद्रे. अलीकडे, म्हणजे २०१३ साली, आपले नवे महाराष्ट्र सदनही याच मार्गावर उभे राहिले. झाडी पुष्कळ असली तरी संध्याकाळी मोटारींची रांग हलता हलत नाही. आमच्या दिवाणखान्याची एक खिडकी या रस्त्यावर उघडते आणि झोपण्याच्या खोलीची पूर्वेकडे. या दोन खिडक्यांचे या कथेत मोठे काम आहे.

एका दिवाळीला शेजाऱ्यांनी आम्हांला फॅलेनॉप्सिस जातीच्या ऑर्किडची कुंडी भेट दिली. आजकाल भेट म्हणून सर्वांत अधिक मिळणारे ऑर्किड हेच. पतंगाने पंख पसरावेत तशी त्याची पांढरी फुले दिसतात, आणि त्याच्या नावाचा अर्थही पतंगासारखे असाच आहे. ती फुले संक्रांतीपर्यंत टिकली. फुले सरल्यावर पुष्कळ लोक झाड टाकून देतात. मला ते जीवावर आले. उन्हाळ्यात बाहेर ४४-४५ अंशांची लू वाहत असता मी ती कुंडी कूलरच्या दमट वाऱ्यापासून थोड्या अंतरावर ठेवली, पावसाळ्यात खिडकीत ठेवली, आणि पुढल्या कोजागिरीच्या सुमारास खरोखरच पानाच्या बगलेत कोंब दिसला. आनंदाने मी घरातील सर्वांना हाका मारल्या.

त्या पहिल्या कोंबावर नऊ कळ्या धरल्या. आणि मग, वाचकहो, मी तिची काळजी घेऊ लागले.

थंडी वाढली तशी मी कुंडी खिडकीतून उचलून हीटरजवळ ठेवली. पाहुणे येणार म्हणून ती जेवणाच्या टेबलावर आणली. तेथे उजेड कमी वाटला म्हणून दिवाणखान्याच्या खिडकीत नेली. कळ्या खिडकीकडे तोंड करून होत्या, त्या आपल्याला दिसाव्यात म्हणून कुंडी फिरवली. रोज सकाळी पाणी घातले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली कळी पिवळी पडली. झाड सुकते आहे अशा समजुतीने मी पाणी वाढवले. एकामागून एक सात कळ्या गळाल्या. उरलेल्या दोन फुगल्या, पण त्यांची बाहेरची पाकळी वाळून कागदासारखी झाली आणि त्या तशाच मिटलेल्या राहिल्या. मार्चमध्ये कुंडी उपडी करून पाहिली, तो निम्मी मुळे कुजून काळी पडलेली!

दुसऱ्या वर्षी झाड पुन्हा सावरले, पुन्हा कोंब आला. आणि त्याच वर्षी आई आमच्याकडे आली.

वडील त्या वर्षीच्या वैशाखात वारले. राजापूरजवळच्या आमच्या गावी आई एकटी कशी राहणार, या विचाराने आम्ही तिघा भावंडांनी मिळून एक व्यवस्था ठरवली. चार महिने पुण्यास भावाकडे, चार महिने दिल्लीस माझ्याकडे, चार महिने नागपुरास धाकट्या बहिणीकडे. कोणावर भार नको, कोणाला रुसवा नको. आणि आईला सर्व नातवंडांचा सहवास. कागदावर ही व्यवस्था इतकी न्याय्य दिसत होती की तिच्याविषयी आईला विचारावे हे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही.

ऑक्टोबरच्या आरंभी ती दिल्लीस आली. पहिल्या दिवशी रस्त्यावरील पाटी वाचून म्हणाली, "बांच्या नावाचा रस्ता आहे हो. पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये त्यांची समाधी पाहिली होती मी, तुझ्या वडिलांबरोबर." बस, त्यानंतर ती फारसे बोलली नाही. सांगितले तर जेवी, सांगितले तर फिरायला येई. महाराष्ट्र सदनाच्या बाजूने गेलो म्हणजे मराठी बोल कानी पडून तिला बरे वाटेल असे मला वाटे. ती ऐके, आणि गप्पच राही. आम्ही तिला आधी मुलीच्या खोलीत ठेवले. मुलीची परीक्षा जवळ आली तेव्हा दिवाणखान्यात तिचा पलंग मांडला. तेथे मोटारींचा आवाज येतो म्हणून आमच्या खोलीत आणले. तीन महिन्यांत तीन खोल्या झाल्या. वैद्यकीय तपासण्या केल्या. त्यांत काही निघाले नाही. फेब्रुवारीत बहिणीची पाळी होती, नागपूरचे तिकीटही काढून ठेवले होते. जागा बदलली म्हणजे मन रमेल, असे आम्ही एकमेकांस फोनवर सांगत होतो.

या वर्षी दांड्यावर अकरा कळ्या होत्या. डिसेंबरच्या अखेरीस त्यांतील तीन गळाल्या. मी पुन्हा कुंडी उचलून हीटरकडे निघाले होते. आई पलंगावर बसून पाहत होती. ती म्हणाली, "अगं, सारखी सारखी कशाला उचलतेस तिला? एका जागी राहू दे की. झाडाला एकदा जागा कळली, म्हणजे ते मुकाट्याने आपले काम करते."

मी कुंडी खाली ठेवली. थोड्या वेळाने ती आपण होऊनच बोलू लागली. आमच्या अंगणातील फणसावर सीतेची वेणी होती, ती मला आठवते का, असे तिने विचारले. आठवत होती. पावसाच्या तोंडी, मे-जूनमध्ये, फणसाच्या खोडावरून गुलाबी ठिपक्यांचे पांढरे गजरे खाली लोंबत. तेही ऑर्किडच, आसामात त्याला कोपौ फूल म्हणतात आणि तेथील मुली बिहूच्या वेळी ते केसांत माळतात. आसाम व अरुणाचल या दोन्ही प्रदेशांनी त्याला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. आई म्हणाली, "चाळीस वर्षे ती त्या फांदीवर होती. आम्ही तिला कधी हात लावला नाही. वरून पाऊस पडे, वारा लागे, मुळे उघडी. एक वर्ष फुलली नाही असे झाले नाही." मग टेबलाकडे बोट दाखवून तिने आणखी एक विचारले. "आणि ही केळी हिच्याशेजारी कशाला? घड पिकत घातलेल्या खोलीत फुलांची परडी ठेवली तर फुले दुपारपर्यंत माना टाकतात, हे ठाऊक नाही का तुला?"

मला ठाऊक नव्हते. तेव्हा मात्र मी पुस्तके काढून बसले. आणि जे समजले ते आपल्यालाही उपयोगी पडेल म्हणून येथे सांगते.

कळी ही झाडाच्या संसारातील सर्वांत नाजूक आणि सर्वांत खर्चिक वस्तू आहे. पाने आणि मुळे यांवाचून झाड जगू शकत नाही. कळीवाचून जगू शकते. म्हणून परिस्थिती बदलली, पाणी कमी पडले किंवा मुळे दुखावली, की झाड प्रथम कळ्यांचा खर्च बंद करते. देठाशी एक पातळ थर तयार होतो, कळीला मिळणारा रस तुटतो, आणि ती पिवळी होऊन गळते. हा झाडाचा दुबळेपणा नव्हे; अडचणीच्या काळात स्वतःला वाचविण्याची ती एक काटकसर आहे. उलटपक्षी, कळी उमलते तेव्हा तिच्या पाकळ्यांतील पिठूळ साठ्याची साखर होते, त्या साखरेच्या ओढीने पेशींत पाणी शिरते, पेशी फुगतात, आणि त्या फुगण्याने पाकळ्या मागे वळतात. याचा अर्थ असा की उमलण्यास दोन गोष्टी लागतात: मागील महिन्यांत पानांनी उन्हात साठवलेली शिदोरी, आणि आज मुळांनी पुरवलेले पाणी. यांपैकी कोणतीही गोष्ट बोटांनी पाकळ्या उकलून साधत नाही. पुष्कळ लोक तसे करतात. त्याने कळी केवळ जखमी होते.

आता दिल्लीच्या हिवाळ्याचा विचार करू. फॅलेनॉप्सिसला कोंब येण्यासाठी काही आठवडे थोडी थंड हवा लागते. तापमान सतत २८ अंशांच्या वर राहिले तर ते पानेच वाढवीत बसते. दिल्लीत अशी सुखद हवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात मिळते, म्हणून कोंब तेव्हा येतो. पण कळ्या भरण्याची वेळ येते जानेवारीत, जेव्हा येथील पहाटेचा पारा कधी कधी ४-५ अंशांपर्यंत उतरतो, धुक्याने ऊन दिसेनासे होते आणि घरोघरी हीटर लागतात. म्हणजे ज्या ऋतूने कळीला बोलावले, तोच पुढे तिच्या जीवावर उठतो. घराच्या आत तिला रात्री १६ ते १८ आणि दिवसा २० ते २५ अंश इतकी ऊब पुरे. तिला बाधतो तो एकाएकी होणारा बदल: खिडकीच्या गार काचेला टेकलेली कळी, दार उघडताच येणारा झोत, किंवा हीटरची समोरून येणारी कोरडी धग. कुंडी काचेपासून वीतभर आत आणि हीटरपासून निदान ६-७ फूट दूर असावी.

कोरडेपणा हे दुसरे कारण. खोली तापली की हवेतील आर्द्रता उतरते, आणि कळीच्या बाहेरच्या पाकळ्या वाळून एकमेकींना चिकटतात. माझ्या पहिल्या वर्षीच्या त्या दोन मिटलेल्या कळ्यांचे हेच झाले असावे. उपाय सोपा आहे. एका पसरट थाळीत खडे पसरून त्यांत पाणी घालावे आणि त्या खड्यांवर कुंडी ठेवावी; कुंडीचे बूड मात्र पाण्यात बुडू नये. कळ्यांवर पाणी फवारण्याचा मोह टाळावा. थंड, कोंदट हवेत कळीवर थेंब साचून राहिला की बुरशीचे डाग पडतात.

तिसरे कारण पाण्याचे, आणि येथे माझ्यासारख्या गृहिणी हमखास चुकतात. हे झाड मातीत वाढणारे नव्हे. रानात ते दुसऱ्या झाडाच्या खोडावर बसते. मात्र बांडगुळाप्रमाणे त्या झाडाचा रस ते शोषीत नाही, केवळ आधार घेते. त्याच्या मुळांवर पांढुरके, स्पंजासारखे आवरण असते. पाऊस पडला की ते पाणी शोषते आणि पुन्हा वाऱ्याने सुकते. म्हणून कुंडीत झाडाच्या सालीचे, कोळशाचे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरतात. मुळे हिरवी दिसत असतील तर त्यांना पाणी पुरेसे आहे. रुपेरी दिसू लागली म्हणजे पाणी द्यावे. दिल्लीच्या हिवाळ्यात साधारणतः आठवड्यातून एकदा पुरते. ते खोलीच्या तापमानाचे असावे, सकाळी द्यावे, आणि खालच्या छिद्रातून पूर्णपणे निथळू द्यावे. सतत ओल्या राहिलेल्या मुळांचा श्वास कोंडतो, ती कुजतात; आणि कुजलेली मुळे असलेले झाड भर पाण्यात तहानलेले राहते. त्या वेळी पाने सुरकुतलेली पाहून आपण आणखी पाणी घालतो! कळ्या धरलेल्या असताना कुंडी बदलू नये आणि खताचा माराही करू नये. खत द्यायचे ते आधी, पावसाळ्यात, तेही लिहिलेल्या मात्रेच्या निम्मे.

चौथे कारण म्हणजे आईची केळी. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा एक वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही आणि इतक्या थोड्या प्रमाणात तो वासानेही कळत नाही. परंतु वनस्पतींना तो पिकण्याचा आणि गळण्याचा निरोप देतो. आढीतला एक आंबा पिकला की शेजारचे पिकू लागतात ते याच्यामुळे, आणि धुरी देऊन केळी पिकवण्याच्या जुन्या रीतीतही धुरातील अशाच वायूंचा हात असतो. दिव्याच्या गॅसमधील हाच वायू रोपांवर परिणाम करतो हे रशियातील नेल्युबॉव्ह यांनी १९०१ साली दाखवून दिले. १९०८ साली शिकागोच्या क्रॉकर आणि नाइट या शास्त्रज्ञांना असे आढळले की काचगृहातील कार्नेशनच्या कळ्या न उमलण्यास आणि उमललेली फुले मिटून जाण्यास गळक्या गॅसमधील इथिलीन कारण होते. आणि १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तर असे दिसले की कॅटलिया जातीच्या ऑर्किडची बाहेरची पाकळी वाळण्यास हवेच्या ५० कोटी भागांत या वायूचा एक भाग, तोही एका दिवसापुरता, पुरेसा होतो. माझ्या जेवणाच्या टेबलावर केळी, सफरचंदे आणि चिकू यांची टोपली होती, स्वयंपाकघराचा गॅस जवळच, देवघरात उदबत्ती, आणि दिवाणखान्याच्या खिडकीतून कस्तुरबा गांधी मार्गावरील मोटारींचा धूर येत होता, त्यातही इथिलीन असतोच. बिचाऱ्या कळ्यांना चारी दिशांनी गळण्याचाच निरोप मिळत होता! तेव्हा फळांची टोपली दूर, दुसऱ्या खोलीत ठेवावी. धूप-उदबत्ती आणि ताजा रंग यांपासून झाड लांब ठेवावे. रहदारीच्या रस्त्याकडील खिडकी सकाळ-संध्याकाळ बंद ठेवून दुपारी, ऊन वर आल्यावर, थोडी उघडावी.

पाचवी गोष्ट किडीची. फुलकिडे इतके बारीक असतात की ते कळीच्या आत शिरून रस शोषतात, तरी आपल्याला दिसत नाहीत. कळी वेडीवाकडी व डागाळलेली होते. मावा आणि पिठ्या ढेकूण देठाशी जमतात. भिंगाने आठवड्यातून एकदा पाहावे, आणि आढळल्यास ओल्या मऊ फडक्याने पुसून काढावे. मात्र कळीच्या देठाशी स्वच्छ, चिकट, गोड असा एखादा थेंब दिसला आणि कीड कोठेच नसली, तर घाबरू नये. निरोगी झाडही असा मध बाहेर टाकते.

शेवटचे कारण हलवाहलवीचे. कळी मोठी होताना स्वतःच्या देठावर हळूहळू वळते आणि उलटी होऊन मगच उमलते, म्हणजे फुलाची खालची पाकळी कीटकाला उतरण्यासाठी बरोबर खाली येते. हे वळण ती वजनाच्या ओढीवरून ठरवते, आणि दांडा प्रकाशाच्या दिशेने कलतो. आपण कुंडी फिरवली की तिचा सारा हिशेब चुकतो. म्हणून झाडाची जागा कळ्या येण्यापूर्वीच ठरवावी. पूर्वेची, कोवळ्या उन्हाची खिडकी उत्तम. कुंडीला खडूने एक खूण करावी आणि पाणी घालून झाल्यावर ती खूण पुन्हा त्याच बाजूस येईल अशी ठेवावी. नवे झाड विकत घेताना निम्म्याहून अधिक फुले उमललेले घ्यावे. प्रवासाच्या अंधारात आणि कोंडलेल्या हवेत शेंड्याच्या कोवळ्या कळ्या बहुधा गळतातच, त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नये.

हे सारे वाचून मी कुंडी आमच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीशी ठेवली. त्याच खोलीत आईचा पलंग होता. कुंडीखाली खड्यांची थाळी सरकवण्यासाठी मी वाकले आणि माझी नजर पलंगाखाली गेली. तेथे आईची बॅग होती. ती भरलेली होती. तीन महिन्यांत तिने आपली पातळी एकदाही कपाटात ठेवली नव्हती. बॅगेतून काढी, नेसे, धुऊन वाळली की घडी करून पुन्हा बॅगेत ठेवी. कपाटात जागा नव्हती असे नाही. जागा कर, असे तिने मला म्हटले नव्हते, आणि ही जागा तुझी, असे मी तिला म्हटले नव्हते. मी तशीच थोडा वेळ जमिनीवर बसून राहिले.

त्या रात्री मी भावाला आणि बहिणीला फोन केला. बहीण प्रथम रागावली. आईने माझ्याकडे यायचेच नाही का, असे म्हणाली. आणि तिचे रागावणे अयोग्य नव्हते. मी म्हटले, कोणाकडे यायचे हे आपण नव्हे, तिने ठरवावे. मग आम्ही तिघांनी मिळून फोनवर आईला विचारले, तुला कोठे राहायला आवडेल? ती पुष्कळ वेळ काहीच बोलली नाही. "लेकीकडे काय, लेकाकडे काय, तुम्ही सगळे करताच आहात," एवढेच म्हणाली. खरे उत्तर मिळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "शिमग्यापर्यंत इथे राहते. या थंडीत पुन्हा प्रवास नको. मग मी घरी जाईन. माझ्या घरी. शेजारची मुलगी रात्री सोबतीला यायला तयार आहे, मी विचारले आहे तिला."

म्हणजे तिने विचार केला होता, चौकशीही केली होती. फक्त कोणी विचारण्याची वाट पाहत होती. नागपूरचे तिकीट रद्द केले. मी कपाटाचे दोन खण रिकामे केले. तिने काही न बोलता बॅग उघडली.

कळ्यांचे काय झाले, हे आपण विचाराल. उरलेल्या आठांपैकी सहा उमलल्या. पहिली जानेवारीच्या अखेरीस, शेवटची फेब्रुवारीच्या मध्यावर. शेंड्यावरील दोन बारीक कळ्या हरभऱ्याएवढ्या होऊन तेथेच थांबल्या आणि वाळल्या. सर्वच कळ्या उमलत नाहीत. झाडाची शिदोरी जेवढी असेल तेवढ्याच तडीस जातात. आईचेही तसेच झाले. ती पूर्वीसारखी हसू-बोलू लागली असे मी म्हणणार नाही. वडिलांची जागा काही कपाटाच्या दोन खणांनी भरून निघत नाही. पण ती स्वयंपाकघरात येऊ लागली, माझ्या आमटीला नावे ठेवू लागली, आणि मुलीच्या मैत्रिणींना सीतेच्या वेणीची गोष्ट सांगू लागली. ते झाड रानातून काढून आणू नका, तिथेच जाऊन बघा, असे ती त्यांना बजावी. ते योग्यच आहे. आपल्या देशात ऑर्किडच्या सुमारे साडेबाराशे जाती आहेत, आणि रानातून ओरबाडून नेल्यामुळे त्यांतील कित्येक दुर्मीळ झाल्या आहेत.

एकदा मी न राहवून तिला म्हटले, "आई, तुझे आणि या झाडाचे अगदी सारखेच झाले बघ." त्यावर तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मी काही तुझी कुंडी नव्हे. झाडाला तोंड नसते, मला आहे. तुम्ही विचारायला हवे होते." तिचे म्हणणे खरे होते. झाडाच्या मुळांचा रंग पाहून त्याला काय हवे ते ओळखावे लागते. माणसाला विचारता येते, आणि तरीही आपण विचारीत नाही.

शिमग्याला ती गावी गेली. आता पाळ्या नाहीत. मनात आले म्हणजे ती कधी पुण्यास जाते, कधी नागपुरास, कधी दिल्लीस येते, आणि आपल्या मनानेच परत जाते. जूनमध्ये तिचा फोन येतो तो बहुधा एकाच वाक्याने सुरू होतो: वेणी फुलली.

वाचकहो, आपल्या घरीही या हिवाळ्यात ऑर्किडची कुंडी असेल आणि कळ्या अडल्या असतील, तर आधी काही नवे करण्यापूर्वी जे करीत आहोत त्यातील काही थांबवून पाहा. कुंडी एका जागी ठेवा, फळे दूर सारा, मुळे पाहूनच पाणी घाला आणि हीटर थोडा लांब न्या. आणि घरात कोणी वडील माणूस पाळीने राहायला आले असेल, तर त्याच्या पलंगाखाली एकदा डोकावा. बॅग भरलेली दिसली, तर झाडाला पाणी नंतर घाला. आधी त्या माणसापाशी जाऊन बसा आणि विचारा.